मेव्हण्याला डॉक्टर केलं त्याची गोष्ट

"ज्याच्यावर लिहिलीय ना, त्याच्या बापालाही पत्ता लागायचा नाही!" लेखकरावांनी छाती फुगवून सांगितलं.

लेखकराव दिवसा टपाल कचेरीत शिक्के मारत आणि उरलेल्या वेळात साहित्य पाडत. ही गोष्ट मेव्हण्यावर होती. मेव्हणा शिंपी. लोकांच्या वस्तू उसन्या न्यायच्या, मालक मागायला आला की त्यालाच त्या उसन्या द्यायच्या, वर "लवकर परत करा हं!" म्हणून बजावायचं, अशी त्याची तऱ्हा! शेजाऱ्यांची शिडी, इस्त्री, खुद्द लेखकरावांचं लाडकं हिरवं पेन, सगळं त्याच्या घरी सुखाने नांदत होतं.

बायकोने आधीच दम भरला होता. "अहो, माझ्या भावावर एक ओळ जरी लिहिलीत ना, तर मी माहेरी जाणार नाही. त्यालाच इथे राहायला आणीन!"

म्हणून लेखकरावांनी शिंप्याचा दंतवैद्य केला. लठ्ठ होता, त्याला वाळवला. मिशा काढल्या, टक्कल पाडलं, वर काम करताना शीळ घालायची सवय लावली. गोष्ट मासिकात छापून आली. मेव्हणा वाचून पोट धरधरून हसला. "दाजी, काय एकेक नग असतात हो!"

आठच दिवसांत लेखकरावांची दाढ ठणकायला लागली. मेव्हण्यानेच हौसेने एका नव्या दवाखान्यात नेलं. आतून शीळ ऐकू आली! डॉक्टर वाळका, टकला, सफाचट. टेबलावर तेच मासिक!

"या, या! तुमचा फोटो छापलाय आत." डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत दाबलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि पक्कड उचलली. "मी कुणाची शिडी ढापली हो? बोला ना!"

बोलतात कसले, कपाळ! लेखकरावांनी हातानेच लिहायची खूण केली. मेव्हण्याने तत्परतेने खिशातून हिरवं पेन काढलं. "घ्या दाजी. पण लवकर परत करा हं!"

एकीकडे पक्कड, दुसरीकडे घरात मेव्हणा. पक्कड जास्त जवळ होती. लेखकरावांनी मासिकावरच लिहिलं, 'तो तुम्ही नाही. तो हा माझा मेव्हणा. हे पेनसुद्धा माझंच!'

डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं.

"अरेरे!" मेव्हणा कळवळला. "दुखण्याने भ्रम झालाय हो यांना. माझंच पेन घेऊन माझ्यावरच! दाजी, काळजी करू नका, मी आजच सामान घेऊन तुमच्याकडे येतो. महिनाभर राहतो."

"एवढ्या सज्जन माणसावर आळ घेता? लाज वाटत नाही?" डॉक्टर लेखकरावांवर गरजले. उभ्या आयुष्यात लेखकरावांनी पहिल्यांदाच काही न बदलता खरं लिहिलं होतं, आणि त्यावर कुणाचाच विश्वास बसेना!

मेव्हण्याने पेन परत खिशात घातलं. मग पक्कड जरा निरखून बघितली.

"डॉक्टर, यांची दाढ काढून झाली की ही दोन दिवस नेऊ का? घरी एक खिळा काढायचाय."

"न्या की!" डॉक्टर शीळ घालत म्हणाले.