ताणाच्या पेपरात जुईलीबाई दुसऱ्या आल्या त्याची हकिगत

श्रीशारदेचे पायी मस्तक ठेवोन, जैसे घडले तैसे लिहिले. “बाई, यात पैकीच्या पैकी पडले तर बक्षीस काय?” ऐसा सवाल शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, भर दरबारी, म्हणजे नववीचे वर्गात, जुईलीबाईंनी केला. सख्यांनी पैज घातली होती, आणि बाईसाहेब पैजेस मागे हटणाऱ्या नव्हेत. प्रसंग ऐसा की, समुपदेशक दामलेबाई राज्यात नव्या आल्या आणि त्यांनी मनाचा ताण मोजावयाची प्रश्नावली वाटिली. झोप लागते काय, उगाच रडू येते काय, ऐसे सवाल आणि प्रत्येकापुढे शून्यापासोन तीनपर्यंत आकडे. दामलेबाई बोलिल्या, “अगं, ही परीक्षा नाही. आकडा मोठा, तर त्रास मोठा, एवढंच.” परंतु त्या राज्याची चालच ऐसी की, आकडा दिसला की बेरीज करावी आणि मग शेजारणीची पाहावी. जुईलीबाईंची सहा जाहली, आणि शेजारी ओवीबाई, ज्या पाचवीपासोन परीक्षेत सदैव त्यांचे मागे दुसऱ्या, त्यांची अठरा.

मग ओवीबाईंस दामलेबाईंनी आपले खोलीत नेले, आणि कवायतीची माफी जाहली, आणि सख्या त्यांचे दप्तर उचलू लागल्या, आणि जुईलीबाईंचा ऐसा जळफळाट जाहला की डब्यातील थालीपीठ गोड लागेना. “तिलाच काय एवढं झालंय गं? आम्ही काय दगड?” ऐसे बोलोन त्यांनी कोरी प्रश्नावली मागोन घेतली आणि सर्वत्र तीन तीन लिहोन मोठ्या डौलात दिली. दामलेबाईंचा चेहरा उतरला, आणि त्यांनी तात्काळ आईसाहेब व बाबासाहेबांस पाचारण केले.

खोलीबाहेर बाकावर ओवीबाई दामलेबाईंचे बोलावण्याची वाट पाहात बसल्या होत्या. पुसते जाहल्या, “किती पडले?”

“पैकीच्या पैकी.”

ओवीबाई हसल्या नाहीत. बोलिल्या, “मी कमी करून लिहिलं. आई घाबरेल म्हणून. तू खरं लिहिलंस, जुई. मला नेहमीच तुझा हेवा वाटतो.”

इतक्यात जुईलीबाईंस आतून हाक आली. तैशाच आत गेल्या, तो आईसाहेब डोळे पुशीत आहेत आणि बाबासाहेब म्हणताहेत, “आमचंच चुकलं बेटा. नंबर गेला खड्ड्यात. तू म्हणशील तसं.” इतके लाड जन्मात जाहले नव्हते, आणि ते सोडवेनात, आणि बाहेर ओवीबाई एकट्या. सारांश, ज्या दौलतीसाठी एवढी मोहीम केली ती हाती आली, आणि जुईलीबाईंनी मातापित्यांस निर्णय सांगितला तो ऐसा: “आई, बाबा, मी सगळं खोटं लिहिलंय. रागवा, पण घरी गेल्यावर. आत्ता मी ओवीला हेच सांगायला चाललेय, आणि ती आत येईपर्यंत तिच्याजवळच बसणार.”