नागनाथ सरांच्या अटी

नागनाथ सर स्कूटरसकट गटारात पडले तेव्हा अख्खं लातूर धावलं. अख्खं म्हणजे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी जेवढं होतं तेवढं. औशाची एसटी थांबली. प्रवासी उतरले, कंडक्टर उतरला, एका बाईच्या टोपलीतली कोंबडीसुद्धा बघायला उतरली. खाली सर, वर स्कूटर. आम्ही चौघांनी हँडलला हात घातला, तोच चिखलानं माखलेलं एक बोट गटारातून वर आलं.

"थांबा! मदत करणाऱ्या पक्षाच्या अटी काय हायेत?"

"सर, अटी बिटी काही न्हाईत. आधी वर या," मी म्हणालो.

"बिनशर्त मदत जगात नसती, दत्ताराव. कोण्या देशानं कोण्या देशाला फुकट उचललेलं न्हाई."

शेवटी शेजारच्या रशीदभाईंनी अट घातली, की वर आल्यावर सरांनी गप बसायचं. ही अट जाचक आहे असं म्हणून सरांनी ती फेटाळली आणि रांगत, घसरत, पुन्हा रांगत स्वतःच्या बळावर बाहेर आले. एसटी तोवर थांबून होती. एवढ्या वेळात ती उदगीरला जाऊन परत आली असती. मी एसटीत जन्म काढलाय, मला अंदाज आहे.

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. परदेशी मदतीनं गरीब देशांचं भलं होतं का वाटोळं, हा त्यांचा जीव की प्राण विषय. पुस्तकात त्यावर दीड पान होतं, सर त्यात अख्खं वर्ष काढायचे. निकाल ठरलेला असायचा, वाटोळं. "मदत माणसाला पांगळं करती" हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा निघालंय की त्यांच्या खिडकीतला पोपटसुद्धा ते म्हणायचा. पुढं तो पोपट पेरूची फोड घ्यायला चोच पुढं करीना. माझा यावर विश्वास बसला, तुमचा बसायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर वर्ग गेला, तेव्हा सरांनी आमची गल्ली धरली. गल्लीचं त्यांनी जग करून टाकलं. माझ्या घराच्या वरच्या मजल्याच्या सळया कैक वर्षं आभाळाकडे बघत उभ्या आहेत, म्हणून मी विकसनशील राष्ट्र. रशीदभाईंचा भज्यांचा गाडा, म्हणून ते तेलसंपन्न राष्ट्र. सर स्वतः अलिप्त राष्ट्र.

वैशाखातल्या दुपारी सर त्यांच्या गच्चीवर, अंगणातल्या कडुलिंबाच्या सावलीत आरामखुर्ची टाकून बसायचे. मी आणि रशीदभाई त्यांच्या पायाशी सतरंजीवर. सर अर्धवट डोळे मिटून बोलत राहायचे. कुठली तरी तहानलेली राष्ट्रं, कुठली तरी बंदरं, धान्यानं भरलेली जहाजं. ऐकता ऐकता माझ्याही पापण्या जड व्हायच्या आणि खरं सांगतो, गल्ली हलायला लागायची. डांबरावर उन्हाचं पाणी व्हायचं. माझ्या घराच्या सळया गलबताच्या डोलकाठ्या व्हायच्या. समोरून कुणाची तरी लेक झाकलेली वाटी घेऊन रस्ता ओलांडायची आणि मला वाटायचं, हे एक जहाज निघालं, या किनाऱ्यावरनं त्या किनाऱ्याला. वरनं लिंबाचं एखादं पान तोंडात पडायचं. त्या झाडाचा पाला अलीकडं कडू लागत नाही, आंबटसर लागतो. हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं.

सरांचं हे वेड मुळात भूकंपाच्या सालातलं. तेव्हा ते तरुण होते, औशाकडच्या गावांत मदत वाटायला गेले होते. परदेशातून आलेले कपड्यांचे गठ्ठे फोडले तर आतून निघाले बर्फातले ओव्हरकोट. "मराठवाड्यात ओव्हरकोट!" सर आजही कपाळावर हात मारतात. "ज्यानं पाठवला त्यानं विचारलं का, की बाबा तुमच्याकडं ऊन किती हाय?" एका म्हाताऱ्यानं म्हणे तो कोट म्हशीच्या पाठीवर टाकला. इथपर्यंत सरांचं. पुढचं माझं. त्या म्हशीला कोट इतका मानवला की ती थंडगार दूध द्यायला लागली.

"सर," रशीदभाई हळूच म्हणायचे, "मेरे अब्बा का पाँव उसीच वक्त टूट्या था. तंबू में गोरा डॉक्टर आया, उन्नेच जोड्या. बाद में अब्बा बीस साल गाडा ढकल्ये. वो मदत नै थी क्या?"

यावर सर आरामखुर्चीत उठून बसायचे. "त्यानं आधी पाय बघितला, रशीदभाई," ते म्हणायचे. "कोट पाठवणाऱ्यानं ऊन न्हाई बघितलं."

"तो फिर मदत अच्छी की बुरी?"

"अटींवर हाय," सर म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

सरांच्या बायको, सुशीलाकाकू, होत्या तोवर या सगळ्या तत्त्वज्ञानाला घरात फार किंमत नव्हती. लातुरात रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात टँकरपुढं उभं राहून सरांनी भाषण ठोकलं होतं. बाहेरचं पाणी किती दिवस पुरणार, आपल्या विहिरी आपणच जगवल्या पाहिजेत, वगैरे. भाषण खरं होतं आणि लांबही होतं. तेवढ्यात काकूंनी मागच्या मागं दोन हंडे भरून घेतले आणि पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "अहो, झालं असलं तर हा एक हंडा उचला." सरांनी उचलला. अटी विचारल्या नाहीत.

काकूंच्या घरात कुणाचीही वाटी गेली तरी ती कधी रिकामी परत आली नाही. आमटी गेली की चटणी यायची, शीरखुर्मा गेला की लाडू. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आणि दही! काकूंचं दही इतकं घट्ट लागायचं की रशीदभाईंनी एकदा ते सुरीनं कापायला घेतलं आणि सुरी वाकली. वाकलेली सुरी त्यांच्या गाड्यावर आजही आहे. ते म्हणतात ती कांद्यानं वाकली, पण ते साधे माणूस आहेत.

मागल्या पावसाळ्यात काकू गेल्या. कसलाही गाजावाजा न करता, सकाळी फुलं तोडता तोडता. गल्लीनं सरांच्या दारात वाट्यांची रांग लावली. पहिले काही दिवस सरांनी मुकाट्यानं घेतलं. मग एके दिवशी ते दारात उभे राहिले आणि जाहीर केलं, "आजपासून बाहेरची मदत बंद. हे राष्ट्र स्वावलंबी झालंय."

स्वावलंबी म्हणजे काय, तर सकाळी खिचडी आणि संध्याकाळी सकाळचीच खिचडी. सर वाळत चालले. इतके, की दुपारी त्यांची सावली शोधावी लागे. रशीदभाईंनी भजी कट्ट्यावर ठेवून बघितली, सरांनी ती परत पाठवली. "बाजारात माल ओतून आमचा स्थानिक उद्योग मारू नका." स्थानिक उद्योग म्हणजे ती खिचडी. स्कूटर गटारात गेली ती यानंतर. डॉक्टर म्हणाले, चक्कर आली, पोटात काही नाही, असंच चाललं तर पुढच्या वेळी गटार नसेल, ट्रक असेल.

दुसऱ्या दिवशी मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला वरणाची वाटी घेऊन पाठवलं. सर दारात आले. वाफेकडे बघत राहिले.

"अटी काय?"

"लई सोपी अट हाय, सर. वाटी तेवढी परत द्यायची."

सरांनी वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "हीच तर जड अट हाय, दत्ताराव," ते म्हणाले आणि दार हळूच लोटून घेतलं.

घरी येऊन मी हे हसत हसत, दोन-चार वाक्यं पदरची घालून सांगितलं. मंगल हसली नाही.

"तुम्हाला काही कळत न्हाई," ती म्हणाली. "त्या घरातनं कधी रिकामी वाटी आली होती का? काकू गेल्या. आता सर वाटीत काय घालून देतील?"

हातातली वरणाची वाटी मी ओट्यावर ठेवली.

त्या दिवशी मंगलनं घरातलं सगळं दही कढीत ओतलं, चमचाभरसुद्धा मागं ठेवलं नाही. उन्हं कलल्यावर तीच वाटी घासून, पुसून, रिकामी घेऊन ती निघाली. मी मागोमाग गेलो आणि फाटकापाशी थांबलो. गल्लीत सोनेरी धूळ तरंगत होती. बायको जाताना मला पुन्हा ते जहाज दिसलं. या खेपेला ते रिकामं चाललं होतं.

"सर, विरजण हाय का हो? आमच्याकडलं संपलं."

सरांनी अटी विचारल्या नाहीत. आत गेले आणि बऱ्याच वेळानं दोन्ही हातांत धरून एक मातीचं गाडगं घेऊन आले. वर काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला.

"मी दही खात न्हाई, वहिनी. मला सर्दी होती. पण रोज लावून राहिलोय. कालच्यातलं आज, आजच्यातलं उद्या. उरलेलं त्या लिंबाच्या बुडाला घालतो." ते गाठ सोडत होते आणि गाठ सुटत नव्हती. "असं मागं मागं जात गेलं ना, तर ते तिच्या हातापर्यंत जातंय. एक दिवस जरी चुकलं, तर संपलं."

मंगलनं वाटी पुढं धरली. "अटी काय, सर?"

सरांनी घसा खाकरला. वर्गात उभं राहिल्यासारखे ताठ झाले.

"चमचाभरच घालायचं. आपल्याकडं जास्त हाय म्हणून जास्त घालायचं न्हाई, आंबतं. दूध कसं हाय ते आधी बोट घालून बघायचं. आणि एकदा घातलं की हलवत बसायचं न्हाई. त्याचं त्याला लागू द्यायचं."

मला राहवलं नाही. फाटकातून ओरडलो, "म्हणजे मदतीनं भलं होतं म्हणा की, सर!"

"ही मदत न्हाई, दत्ताराव!" सर तिथूनच गरजले. "हे विरजण हाय!"

मंगल पायऱ्या उतरली. लिंबाखाली आली, तोच मागनं सरांची हाक आली. आवाज वर्गातला नव्हता.

"वहिनी, एक अट राहिली." त्यांनी गाडग्यावरचं फडकं उगीच नीट केलं. "वाटी परत आणाल ती रिकामी आणू नका."