वेलांटीवाले अण्णा

लग्नपत्रिका हातात पडली की माणसं मुहूर्त बघतात. आमच्या शेजारचे मल्लप्पाअण्णा वेलांटी बघतात. ती चुकली असली तर लग्नाला जात नाहीत. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला नाइलाजानं गेले, तर अक्षता टाकून झाल्यावर नवरदेवाला म्हणाले, "पोरगी लई चांगली हाय. पण तुझ्या 'चिरंजीव'ची वेलांटी आखूड पडली बघ."

अण्णांनी तीस वर्षं सोलापुरातल्या पत्रिकांची अक्षरं बोरूनं लिहून दिली. छापखान्यांत कॉम्प्युटर आले आणि बोरू बसून राहिला. तरी दुपारी ओसरीवर बसून ते रद्दी कागदांवर अक्षरं काढायचे. लफ्फेदार, एखादीनं पदर सावरावा तशी.

माझी भाची सानिका पुण्यात फॉन्ट तयार करते. दिवाळीला आली, तिनं ते कागद बघितले आणि म्हणाली, "अण्णा, याचा फॉन्ट करू या."

"म्हंजे मशीन माझ्यासारखं लिवणार?"

"हुबेहूब."

"बघू की!" अण्णा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. सगळी जोडाक्षरं काढता काढता वर्ष गेलं. भांडण पेटलं ते वेलांटीवरून. सानिकानं सगळ्या अक्षरांना एकाच मापाची वेलांटी लावली होती. 'स्थिती'तल्या रुंद जोडाक्षरावर ती अर्ध्यातच थांबली. अण्णा भडकले. "पाव्हण्याच्या अर्ध्याच डोस्क्याला फेटा बांधतीस व्हय गं?" शेवटी तिनं लांब-आखूड अशा अकरा वेलांट्या केल्या, तेव्हा कुठं त्यांनी चहा घेतला.

फॉन्ट बाहेर आला आणि सोलापुरात अण्णांचं राज्य सुरू झालं. साड्यांच्या दुकानांच्या पिशव्या, पेढ्यांचे खोके, शाळांची प्रशस्तिपत्रं. पत्रिकांचं तर विचारूच नका. अण्णा छाती काढून बाजारातून फिरायचे. एका फाटकावर मात्र त्याच अक्षरांत 'येथे गाडी लावू नये' दिसलं, तेव्हा थेट आत जाऊन मालकाला म्हणाले, "असल्या नाजूक अक्षरात कुणी दम देतंय का? आमंत्रण वाटतंय हे. लोक गाडी लावणारच की!" मालकानं पाटी बदलली.

गेल्या महिन्यात अण्णांनी सानिकाकडून एक पत्रिका करून घेतली. एकच प्रत, आणि वधूच्या नावाची जागा कोरी.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"माझंच. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून वळसंगला चार दिवसांत उरकलं हुतं. पत्रिका न्हवतीच. साऱ्या गावाच्या लिवल्या, हिच्या नावाची तेवढी राहिली."

अण्णांची बायको, गौरव्वाकाकू, अक्कलकोटकडच्या. मराठी फर्डं बोलतात, पण वाचता येतं ते फक्त कन्नड. अण्णांनी पत्रिका त्यांच्या हातात ठेवली. कोऱ्या जागेत त्यांनी स्वतः बोरूनं नाव लिहिलं होतं, कन्नडमध्ये.

काकूंनी ते मोठ्यानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग डोळे पुसून, पत्रिका घेऊन समोरच्या घरी गेल्या, तिथून पुढच्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला लग्नाचं आमंत्रण झालं होतं, आणि अण्णा ओसरीवर नवरदेवासारखे लाजत बसले होते.