अमावस्येचं शून्य

महेंद्रसरांनी शिकवलं तसंच मलिकाभाभींनी केलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

महेंद्रचा राहुरीत संगणकाचा क्लास होता. कांद्याचे व्यापारी फैयाजभाई यांच्यासाठी त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. त्यातलं गणित चौथीतल्या पोरालाही जमावं. रोज सकाळी लिलावातला दहा किलोमागचा पहिला भाव भरायचा. यंत्र शेवटच्या पाच नोंदींची सरासरी काढणार. आजचा भाव सरासरीच्या वर असला तर पडद्यावर 'घ्या', खाली असला तर 'विका'. भाव भरायचं काम फैयाजभाईंच्या पत्नीकडे, मलिकाभाभींकडे. त्या क्लासातल्या सगळ्यात चोख विद्यार्थिनी. खरेदी मुनीम भिमाजीकडे, आणि त्याला ताकीद होती, "मशीन सांगंल तसं. मला विचारायचं न्हाई."

महिनाभर हे नीट चाललं तर बाजारातले आणखी व्यापारी प्रोग्राम घेणार होते. नाही चाललं तर क्लासला कुलूप, आणि महेंद्र परत सुप्याच्या कारखान्यात, जिथून तो मोठ्या तोऱ्यात राजीनामा देऊन आला होता.

गुरुवारी तो सहज डोकावला, तर फैयाजभाईंचा सोफा अंगणात ताडपत्रीखाली! आत पाहिलं तर बैठकीच्या खोलीत छतापर्यंत कांदा.

"भाई, हे काय?"

"गोदाम भरलं, ओसरी भरली. तीन दिवस मशीन 'घ्या' सोडून दुसरं बोलतच न्हाई. लई भुकेलं हाय तुमचं मशीन!"

महेंद्र संगणकाकडे धावला. भाव तर उतरत चालला होता. त्याने नोंदी उघडल्या. तीनशेनंतर शून्य, मग दोनशे नव्वद. त्या शून्यापाशीच नजर अडकली, पुढचं त्याने वाचलंच नाही.

"भाभी, हे शून्य कुठून आलं?"

"अमावस्या होती ना सर. लिलाव बंद."

"मग नोंदच करायची नाही!"

"तुमीच सांगितलं, कुठल्याच दिवसाचा रकाना रिकामा ठेवायचा न्हाई. बाजारच न्हाई, तर भाव किती? शून्य!"

त्या एका शून्याने सरासरी खाली ओढली होती, आणि पडता भावही यंत्राला चढा दिसत होता. महेंद्रने घाम पुसत शून्य काढलं. आता नक्की 'विका' येणार, आणि फैयाजभाई आपल्याला कांद्यासकट बाहेर काढणार, अशा तयारीने त्याने बटण दाबलं.

'घ्या'.

त्याने कागदावर बेरीज मांडली. सरासरी तीनशे पाच, आजचा भाव तीनशे पंचवीस. यंत्र बरोबर होतं.

"पण भाव तर पडत होता!"

"पडत हुता," दारात पोती मोजत असलेला भिमाजी म्हणाला. "पन आपन दनादना घेतोय म्हनल्यावर शेजारच्या गाळ्यातला गोरक्षनाथ शेटबी घ्याया लागला. फैयाजभाईला कायतरी खबर हाय म्हनं. मग चढला भाव."

महेंद्र डोकं धरून पोत्यावर बसला. यंत्र चुकलं, भाईंनी त्याचं ऐकलं, बाजाराने भाईंचं ऐकलं, आणि आता बाजारानेच यंत्राला खरं ठरवलं. मग भाव ठरवतंय कोण? आणि चूक कबूल करायची ती नेमकी कसली?

"ते तुमी बघा," मलिकाभाभी म्हणाल्या. "उद्या दुपारी माझ्या माहेरची मानसं येनार. सोफा घरात पायजे."

"अगं, पन मशीन 'घ्या' म्हनतंय—" फैयाजभाई म्हणाले.

"मशीनला म्हना, तू बस अंगनात."

शुक्रवारी उजाडताच सगळा कांदा टेम्पोंत चढला. लिलाव सुरू व्हायच्या आधीच पुण्याच्या एका व्यापाऱ्याने तो कालच्या भावाने उचलला. फैयाजभाईने माल काढला, ही बातमी बाजारभर झाली आणि पहिला भाव पुकारला गेला दोनशे ऐंशी. भाभींनी तो भरला. यंत्र म्हणालं, 'विका'.

"बघा!" फैयाजभाईंनी महेंद्रच्या पाठीत प्रेमाने धपाटा घातला. "आपन सकाळी विकलं, मशीनला आत्ता पटलं!"

तेवढ्यात भरल्या गोदामाचा धनी गोरक्षनाथ शेट पडक्या चेहऱ्याने दारात आला.

"सर, आमालाबी एक प्रोग्राम लिहून द्या. पन खरं सांगा, विकायची वेळ ह्याला कळती कशावरून?"

सोफ्यावरची कांद्याची टरफलं झटकत असलेल्या मलिकाभाभींनी मान वर केली.

"सर, आधी त्यांना विचारा, त्यांच्या घरी सोफा हाय का?"