मोहरीचे कान

प्राचीची पीएचडीची शेवटची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर व्हायची होती, आणि नेमकी त्याच सकाळी जानेफळातल्या तिच्या अंगणात गुडघे दुखणाऱ्यांची रांग लागली.

खरं तर प्राचीने जन्मात कुणाला सुई टोचली नव्हती. तिचा विषय ग्रंथालयशास्त्राचा. कानाला सुया टोचून दुखणं घालवायच्या चिनी अॅक्युपंक्चरवर जगात कुठे, किती आणि कसं संशोधन होतंय, हे ती छापून आलेल्या लेखांवरून मोजत असे. आदल्या संध्याकाळी ओसरीवर भाषणाची तालीम करताना ती म्हणाली होती, "हे संशोधन दरवर्षी वाढतंय, पण आपल्या खेड्यांतला एकही रुग्ण त्यात नाही." ते ऐकून वडील रंगराव खट्टू झाले आणि तडक पारावर गेले. तिथे ते काय बोलले असतील, याचा अंदाज प्राचीला आता येत होता.

"काकू, मी डॉक्टर नाई. मी फक्त कागद मोजते."

"मंग मोज ना," मंजुळाबाई ओट्यावर ठाण मांडत म्हणाल्या. "पन गुडघ्याचं काई तरी कर. लई दुखून राह्यला."

मुलाखतीची वेळ जवळ आली तरी रांग हलेना. चीनमध्ये सुईऐवजी कानाला बारीक बियाही चिकटवतात, हे प्राचीने वाचलेलं होतं. वैतागून तिने आईच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी घेतली आणि चिकटपट्टीने एकेकाच्या कानाला दाणा लावून टाकला. वडिलांनी पहिला नंबर लावला. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या शालिग्रामभाऊंपर्यंत मोहरी संपली, म्हणून त्यांना ज्वारी मिळाली.

"आता घरी जा बरं सगळे."

कोणी गेलं नाही. फरक पडल्याचं सांगूनच जायचं, असं पारावर ठरलं होतं.

मुलाखत झकास चालली. "तुम्ही लिहून दिलंय की एकाही माणसावर प्रयोग केलेला नाही," परीक्षक मॅडम म्हणाल्या.

"नाही केला, मॅडम."

तेवढ्यात मंजुळाबाई आत शिरल्या आणि त्यांच्यामागे अख्खी रांग. पडद्यावर प्राचीच्या डोक्यामागे पट्ट्या लावलेले कानच कान दिसू लागले.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

प्राचीची सगळी मेहनत आता मोहरीच्या दाण्यावर येऊन ठेपली होती.

"पेशंट हायेत जी, जानेफळचे," रंगराव पुढे सरसावले. "घ्या मोजून."

"फरक पडला का?" मॅडमनी थेट रांगेलाच विचारलं.

"हाव," सगळे एका सुरात म्हणाले.

"किती दिवसांपासून दुखत होतं?"

शालिग्रामभाऊ कानाची ज्वारी चाचपत राहिले.

"दुखत काई नोतं, मॅडम," अखेर मंजुळाबाईंनी सांगितलं. "आपल्याकडचं कोनीच नाई म्हने त्याच्यात. बरं दिसते का ते? अन् पोरीनं एवढ्या मायेनं मोहरी लावली, तं फरक नाई पडला असं कसं म्हनाचं?"

मॅडमनी प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं. "'पुष्कळ प्रयोगांत रुग्ण संशोधकाचं मन राखायला बरं वाटल्याचं सांगत असावेत.' हा निष्कर्ष तुमचाच ना?"

"हो, मॅडम."

"मला तो पटत नव्हता. आता पटला." त्यांना हसू आवरेना. "मोहरी मी पाहिलेली नाही. अभिनंदन."

प्राचीला रडू आलं. तिच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनीही डोळे पुसले आणि लगेच रिकामी वाटी घेऊन रांगेपुढे उभ्या राहिल्या. "काढा आता. वरनाले फोडनी द्याची हाये."

सगळ्यांनी निमूटपणे दाणे काढून दिले. रंगरावांनी मात्र कानावर हात ठेवला.

"माही राहू दे," ते खाटेवर टेकत म्हणाले. "सकायपासून उभं राहून आता गुडघा खरंच दुखून राह्यला."