मले पाहून रडते!

आमच्या उंद्रीत एखादं लेकरू पालथं पडलं, तर ते फार तर शेजारच्या घराला कळतं. सुदामभाऊंची नात पालथी पडली तेव्हा मात्र अख्ख्या गावाला कळलं. कारण त्या वेळी त्यांच्या हातात माइक होता आणि समोर दुसऱ्याच कोणाचं तरी लग्न लागत होतं. "मामांनी नवरीले घेऊन यावं," असं म्हणता म्हणता त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, आणि लगेच कर्ण्यातून आवाज आला, "समस्त मंडयीले कळवाले आनंद होऊन राह्यला, की माही नात अन्वी आज पालथी पडली! टाया झाल्या पायजे!" टाळ्या झाल्या. नवरदेवाच्या बापानंही वाजवल्या. अन्वी कोण, हे त्याला जेवणाच्या पंगतीत कळलं.

सुदामभाऊ आमचे शेजारी. आमच्या दोन घरांत भिंत एकच, आणि त्यांच्या आवाजापुढे ती असून नसल्यासारखी. पंचक्रोशीतली लग्नं, कबड्डीचे सामने, सप्त्याची पंगत, सगळीकडे माइक त्यांच्याकडेच. "लक्ष असू द्या!" हे त्यांचं पालुपद. घरात चहा मागतानासुद्धा, "सोनाली, लक्ष असू द्या, अर्धा कप!" सून बिचारी हसते आणि चहा ठेवते. आणि त्यांची ती मिशी! दोन्ही टोकं वर वळलेली, रोज तेल लावलेली. "आवाज गयातून नाही बे, मिशीतून येते," असं ते मला अगदी गंभीरपणे सांगत.

अन्वी बसायला लागली, दोन्ही हातांनी भाकरीचा तुकडा धरायला लागली, प्रत्येक गोष्टीची बातमी गावाला वेळेवर मिळत गेली. रोज सकाळी ते तिला खांद्यावर घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जायचे आणि भेटेल त्याला तिची ओळख करून द्यायचे. मीही कंटाळलो नाही असं नाही, पण पोरगी खरंच गोड होती.

मग एके सकाळी, तिला नववा महिना लागला असेल, सुदामभाऊ नेहमीसारखे दारात उभे राहून "लक्ष असू द्या!" म्हणाले. अन्वीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, ओठ वाकडा केला आणि जो भोंगा पसरला तो आईनं उचलून घेईपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. सोनाली नुसती स्वयंपाकघरात वळली तरी रडं, आणि आजोबांनी हात पुढे केले की आकांत.

"नजर लागली," सुदामभाऊंनी निदान केलं. पूर्वी दृष्ट काढायचं काम त्यांच्या बायकोचं, कमलकाकूंचं. त्या गेल्यापासून मीठ-मोहरी भाऊच ओवाळतात, तीही मोठ्यानं. पोरगी आणखी घाबरली. मग म्हणाले, दात येत असतील. दात तर आधीच आले होते. शेवटी त्यांनी आरशात पाहिलं आणि खरा गुन्हेगार सापडल्यासारखे तडक सलूनमध्ये गेले. न्हाव्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, "मिशी सगयी काहाडू काय?" हे म्हणाले, "मुयासकट!"

इथेच घोटाळा झाला. आतापर्यंत अन्वी निदान ओळखीच्या आजोबांना पाहून रडत होती. आता समोर साफच अनोळखी माणूस येऊन बसला. पोरगी अशी किंचाळली की माझी बायको हातातलं लाटणं घेऊनच धावली. त्याच दिवशी चिखलीहून लग्नातल्या माइकसाठी त्यांना ठरवायला आलेल्या पाहुण्यांनी खुद्द सुदामभाऊंनाच विचारलं, "सुदामभाऊ घरी हाय काय?"

संध्याकाळी ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. मिशीविना तो चेहरा फार लहान दिसत होता. "दिल्या," ते म्हणाले, "लेकरू खोटं बोलत नाही बे. तिले मी नको झालो." मला हसू येत होतं, ते जागच्या जागी विरलं.

लसीच्या दिवशी चिखलीच्या दवाखान्यात सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. "काका, हे तं चांगलं हाय," ती म्हणाली. "आतापावतर तिले सगये सारखेच होते. आता आई कोन अन् बाकीचे कोन, हे कयाले लागलं. डोकं पुढं गेलं म्हनून भेव वाटते. तिच्यावर झडप घालू नका. दूर बसा, खाली बसा, हयू बोला. येईन ते आपली आपन."

परत येताना सुदामभाऊंची छाती पुन्हा फुगली होती. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांनी जाहीर केलं, "माही नात मले पाहून रडते! तिले आपलं-परकं कयाले लागलं!"

"मंग तुम्ही परके झाले काय, भाऊ?" पानठेल्यावरच्या एकानं खोच मारली.

सुदामभाऊंचा हात सवयीनं नसलेल्या मिशीकडे गेला. मग म्हणाले, "सध्या हाव. पन पोरगी हुशार हाय ना!"

त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगितलं तर गावात कोणी विश्वास ठेवणार नाही. हा माणूस दुपारभर अंगणात, उंबरठ्यापासून चार हात लांब, मातीवर मांडी घालून गप्प बसायचा. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. आत सोनालीच्या मांडीवर अन्वी. सोनाली पाणी प्यायला उठली की हे हळूच म्हणत, "आई येते हां. आतच हाय." मग डाळ निवडून झाली की रिकाम्या सुपामागे तोंड लपवत, "आबा गेले," आणि बाहेर काढत, "आबा आले." पोरगी आधी रडायची, मग नुसती बघायला लागली, मग सुपामागे आबा गेले की मान वाकडी करून शोधायला लागली. एकदा खुदकन हसली, तेव्हा सुदामभाऊंनी ओरडू नये म्हणून स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मला त्या माणसाचा भारी अभिमान वाटला.

परवा मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो होतो. अन्वी आईच्या मांडीवरून उतरली, रांगत उंबरठ्यापाशी आली, थांबली, मागे वळून आईकडे पाहिलं आणि एक हात, मग एक गुडघा करत अंगणात उतरली. सुदामभाऊ हलले नाहीत. श्वाससुद्धा घेत नव्हते बहुतेक. ती थेट त्यांच्यापर्यंत आली, सदऱ्याला धरून उभी राहिली, आणि आपल्या ओल्या, मातकट हातानं त्यांचा चेहरा चाचपायला लागली. गाल, नाक, कपाळ. मग डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं.

आमच्याकडे लेकरानं उंबरठा ओलांडला की गुलगुले करतात. सोनाली डोळे पुसत गूळ भिजवायला आत पळाली. मी भाऊंना म्हटलं, "आता तं गावाले सांगाले लागते!"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. पोरगी झोपली होती.

"दिल्या," ते अगदी हळू म्हणाले, "तुही काकू गेल्यापासून माह्या तोंडावरून कोनी हात फिरवला नव्हता बे."