अप्पांचं बसणं

विरूपाक्षअप्पांची थोरली बहीण महादेवी लातुरात पहाटे वारली, आणि अप्पांना नेमकं त्याच आठवड्यात, माणूस ज्यावर बसतो तिथं, केसतूड झालं होतं.

केसतुडाची बातमी देगलूरच्या त्या घरात दोघींनाच होती. एक अप्पांची बायको सिंधु, कारण पोटीस तीच लावायची. दुसरी दहावीतली लेक अक्षरा, कारण त्या घरात तिच्यापासून काही लपत नसे. बाकी गावाला अप्पा "कंबरेत उसण भरलीय" असं सांगत आणि किराणा दुकानात दिवसभर उभ्यानंच गिऱ्हाईक करत.

भावकीची जीप सहालाच निघून गेली. सिंधु तिच्यात गेली. अप्पा थांबले, कारण लेकीच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं, आणि लुगड्याचं दुकान नऊच्या आत उघडत नाही. एसटीनं गेलं तर पोचायला पाच वाजणार होते. म्हणजे राहिली मोटारसायकल, आणि मागं बसून लुगडं धरायला राहिली अक्षरा.

साडेआठला महादेवीआत्याच्या मुलाचा, संगमेश्वरचा फोन आला. "मामा, आईला बसवलंय. ऊन लई हाय, तीनला उठवतोत. जास्त थांबता येणार न्हाई."

अप्पांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला भस्म लावतात, मांडी घालून भिंतीशी बसवतात, आणि तसंच बसलेलं नेऊन मातीत ठेवतात. तोवर आप्तांनी यायचं आणि घटकाभर शेजारी बसायचं. अप्पांचं घोडं इथंच अडलं होतं.

चार वर्षांपूर्वी आत्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला अप्पा आहेर घेऊन गेले होते. आत्याच्या दिरांना सोफा मिळाला. माहेरच्या या एकुलत्या भावाला मिळाली मंडपातली प्लास्टिकची खुर्ची, आणि तिचा एक पाय आधीच तडकलेला. अप्पा बसले, खुर्ची फाकली, आणि बासुंदीच्या वाटीसकट अप्पा जमिनीवर आले. सगळे हसले. सगळ्यांत आधी आत्या हसली. अप्पा उठले, धोतर झटकलं आणि पन्नास माणसांसमोर म्हणाले, "अक्का, तुझ्या घरात आता मी बूड टेकणार न्हाई."

आणि ते त्यांनी खरं करून दाखवलं. त्यानंतर तीनदा लातूरला गेले, तिन्ही वेळा उंबऱ्याशी उभं राहून चहा प्याले. आत्या दर वेळी म्हणायची, "विरू, बस की रे जरा." अप्पा म्हणायचे, "उभाच बरा हाय."

आज सकाळी मोटारसायकल पुसता पुसता ते अक्षराला म्हणाले, "तिला उठवायच्या आधी पोचायचं बग, अक्षू. शेजारी बसायचंय मला." एवढं बोलून ते बराच वेळ एकच आरसा पुसत राहिले.

झालं. अक्षराच्या अंगात आलं. मोटारसायकलवरून लडाखला जाणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तिनं इतके पाहिले होते, की लांबच्या प्रवासात बूड कसं सांभाळावं यावर तिनं बोर्डाचा पेपर काढला असता. गुडघ्यांनी टाकी धरायची. खांदे सैल सोडायचे. तासातासाला उतरून पाणी प्यायचं. आणि मुख्य म्हणजे सीटवर हवेची गादी टाकायची.

"हवेची गादी देगलुरात कुठं मिळतीय?" अप्पा म्हणाले.

"बजरंगकाकाकडं."

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या बजरंगनं स्कूटीची एक जुनी ट्यूब काढली, अर्धी हवा भरली आणि सीटवर ठेवून सुतळीनं आवळली. "मधी मोकळं हाय बगा अप्पा. जे दुखायलंय ते अधांतरी राहतंय."

"तुला कुणी सांगितलं काय दुखायलंय?"

"अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय की."

अप्पांनी लेकीकडं पाहिलं. लेकीनं आभाळाकडं पाहिलं.

पावणेदहाला दोघं निघाले. अक्षराच्या पाठीला पाण्याची बाटली घातलेलं दप्तर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डाळिंबी इरकल, पापडासारखं कडक, दुकानातल्या घडीचं. पहिले वीस किलोमीटर अप्पा काहीच बोलले नाहीत, म्हणजे बरं चाललं होतं. पण एप्रिलचं ऊन वरून, तापलेलं सीट खालून, आणि मधे बिचारी ट्यूब. ती फुगायला लागली. निघताना अक्षराला अप्पांच्या खांद्यावरून रस्ता दिसत होता. मग नुसती मान दिसायला लागली. मग सदऱ्याची पाठ.

"अप्पा, तुम्ही वर चाललाव."

"गप बस. वर तुझी आत्या गेलीय."

उदगीरच्या चौकात समोर ट्रक आडवा झाला. अप्पांनी ब्रेक दाबला आणि सवयीनं पाय खाली सोडला. पाय जमिनीपासून चार बोटं वरच राहिला. त्यांनी दुसरा सोडला. तोही. मग गाडी सावकाश, अगदी आदबीनं, डावीकडं कलली आणि रस्त्याकडेच्या टरबुजांच्या ढिगावर जाऊन निजली. लुगडं अक्षरानं डोक्यावर धरलं होतं, म्हणून ते तेवढं वाचलं.

टरबूजवाला ओरडला नाही. त्यानं आधी फुटलेली टरबुजं पाहिली, मग सीटवरची टम्म ट्यूब पाहिली. "काका, पोहायला निघालाव का?"

"मयतीला चाललोत," अप्पा टरबुजात बसल्या बसल्या म्हणाले.

"हे असंच गेलाव तर तुमचीच निघंल."

तरी त्यानं हात देऊन उठवलं, फुटक्यातली एक फोड अक्षराच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "यातली हवा काढा जरा." हवा काढायचं काम अक्षरानं घेतलं. डोक्यातली पिन काढून तिनं ट्यूबच्या तोंडात खुपसली. थोडी हवा गेली. "बास," अप्पा म्हणाले. ती पिन ओढायला गेली, तर पिन आतच मोडली. उरलेली हवा फुस्स करत गेली ती शेवटपर्यंत. ट्यूबचं वाळलेल्या गवारीसारखं काहीतरी झालं.

बारा वाजत आले होते. अप्पा सीटकडं बघत होते, जसं दहावीची पोरं गणिताच्या पेपराकडं बघतात.

"अप्पा, लडाखवाले मधूनमधून उभं राहून चालवतात. पायांवर जोर द्यायचा, गुडघे जरा वाकवायचे..."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

अप्पा उदगीरहून जे उभे राहिले, ते तासभर उभेच. धोतर वाऱ्यानं फुगलं. गाडी तिसाच्या वर जाईना. एका फाट्यावर चहाच्या टपरीवरचा म्हातारा लगबगीनं उठला, हात जोडले आणि अक्षराला विचारलं, "मागं मिरवणूक कुणाची हाय?"

इतक्यात संगमेश्वरचा फोन आला. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून अक्षरानं आवाज वाढवला, आणि तिथंच चुकली.

"अक्षू, कुठं हाव तुम्ही? विधीसाठी जंगमस्वामी येऊन बसलेत. केवळाकाकू म्हणायली, तुझा मामा तर घरात बसत न्हाई, मग त्याच्यासाठी कशाला थांबायलाव. लुगडं काय, इथं बी एक आणून ठेवलंय म्हणं."

अप्पांनी सगळं ऐकलं. नळेगावच्या अलीकडं त्यांचे गुडघे लटपटायला लागले ते मागं बसलेल्या अक्षराला दिसलं. एका लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली, उतरले आणि दोन्ही हातांनी झाडाला धरून उभे राहिले.

"अक्षू, हुईना."

अक्षरानं अप्पांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"फोन लाव त्याला. उठवा म्हण. तेच लुगडं घाला म्हण." मग जरा थांबून ते हळूच म्हणाले, "चार वर्षं नुसतं बस म्हणली ती. सोफा नव्हता मागितला मी. साधी धड खुर्ची..." पुढचं त्यांनी झाडालाच सांगितलं.

अक्षरानं फोन काढला. मग तिची नजर पिशवीकडं गेली. नऊवारी इरकल, चांगलं चार बोटं जाड. तिनं एकदा अप्पांच्या पाठीकडं पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, आत्या, तूच बस म्हणायचीस ना, मग आता बोलू नकोस. अप्पा झाडाशी होते तोवर तिनं लुगडं कागदासकट काढलं, सीटवर पसरलं, वरून ती कापडी पिशवी घातली आणि गळ्यातली ओढणी चटकन दप्तरात कोंबली.

"अप्पा, चला. माझी ओढणी घडी करून ठेवलीय."

अप्पा जपून टेकले. डोळे मिटले, उघडले. "ओढणी लई जाड हाय गं."

"शाळेचीय ना. सरकारी कापड."

पुढचे चाळीस किलोमीटर अप्पांनी दात आवळून, पण बसून काढले. अक्षरानं एकदाही पाणी प्यायला थांबायचं नाव काढलं नाही.

तीनला दहा मिनिटं कमी असताना ते पोचले. अप्पा पुढं होताच अक्षरानं सीटवरचं लुगडं उचललं आणि कागद काढून पिशवीत टाकलं. अंगणात फुलांची पालखी तयार होती. बैठकीच्या खोलीत भिंतीशी आत्या बसली होती, कपाळभर भस्म, गळ्यात रुद्राक्ष, मांडी अशी सरळ की जणू सकाळपासून कुणाची तरी वाट बघतेय. भोवती सतरंजीवर पाहुणे अवघडून, पाय बदलत बसलेले. त्या घरात आरामात बसलेलं माणूस एकच होतं, आणि ते गेलेलं होतं.

अप्पा उंबऱ्याशी आले आणि थांबले. सवयीनं नाही, ते फक्त सिंधुला आणि अक्षराला कळलं. बसायचं म्हणजे खाली सतरंजीवर, फरशीवर, मांडी घालून. त्यांनी एक पाय आत टाकला, खाली वाकायला गेले, आणि कळ आली तसे पुन्हा ताठ उभे राहिले.

खोलीत कुजबूज झाली. आत्याची जाऊ केवळाबाई पुढं आली. "अजून हट्ट हाय म्हणा की. बहीण गेली तरी उभेच."

अप्पांनी सांगायचं तरी काय, आणि पन्नास माणसांसमोर कुठलं नाव घेऊन. सिंधुनं डोक्यावरचा पदर ओढून तोंडावर घेतला. अक्षरानं दप्तरातून ओढणी काढून डोक्यावर घेतली आणि घाईनं लुगडं केवळाबाईच्या हातात दिलं, तिचं तोंड बंद व्हावं म्हणून.

आणि ते झालंही. लुगडं हातात येताच केवळाबाई गप्प झाली. तिनं ते उलटंपालटं केलं, गालाला लावलं. "गरम हाय गं हे," ती शेजारणीला म्हणाली. "आणि चुरगळलंय बी. देगलूरपासून काळजाशी धरून आणलंय भावानं." तिचा आवाजच बदलला. लुगडं हातोहात फिरलं. प्रत्येकीनं ऊब पाहिली, प्रत्येकीनं डोळे पुसले. अक्षरा जमिनीकडं बघत राहिली. तिला रडू येत होतं की दुसरंच काही, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात अप्पा बसले.

एकदम बसले, जसं विहिरीत उडी टाकतात तसे. आत्याच्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा. त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो आधी कुणी ऐकलेला नव्हता, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. ते ऐकून सगळी खोली रडायला लागली. केवळाबाई सगळ्यांत मोठ्यानं.

तीन वाजले. जंगमस्वामी म्हणाले, "चला, वेळ झाली. उठा."

"बसू द्या जरा," अप्पा म्हणाले.

लोकांनी माना हलवल्या. पाच मिनिटं गेली. स्वामी पुन्हा म्हणाले. "बसू द्या की," अप्पा म्हणाले. पंधरा मिनिटांनी संगमेश्वरनं काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला, तर अप्पांनी भिंतीचा कोपरा धरला.

"चार वर्षं बसला न्हाई," केवळाबाई हुंदका देत म्हणाली, "आता उठंना."

अक्षरा जवळ जाऊन वाकली. अप्पा ओठ न हलवता म्हणाले, "फुटलंय."

"काय?"

"काय म्हणजे? लई हलकं वाटायलंय. पण धोतर पांढरं हाय. पन्नास माणसं हाईत. तुझी ती ओढणी आण, गाडीवरची. कंबरेला बांधतो."

अक्षरानं डोक्यावरची ओढणी काढून त्यांच्या हातात दिली. अप्पांनी ती घेतली. बोटांनी चाचपली. पातळ होती, फुंकरीनं उडेल अशी. मग त्यांनी लेकीकडं पाहिलं.

"मग माझ्याखाली काय होतं?"

अक्षरानं आत्याकडं पाहिलं. बायकांनी नुकतंच डाळिंबी लुगडं आत्याच्या खांद्यांवरून पांघरलं होतं. मधोमध एक मोठी, गोल, ओळखू येण्याजोगी चुरगळ होती.

अप्पा बघत राहिले. चार वर्षांपूर्वी खुर्चीवरून पडल्यावर त्यांचा चेहरा जसा लाल झाला होता, तसाच आता व्हायला लागला. मग त्यांची नजर लुगड्यावरून वर गेली, बहिणीच्या तोंडाकडं. भस्माखाली तिच्या ओठांचा एक कोपरा जरासा वर गेलेला होता.

"हसायलीय बग," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी..."

"हसू दे."

त्यांनी ओढणी कंबरेला दोन वेढे देऊन घट्ट आवळली, भिंतीला धरून उठले आणि पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा लावला.